चिप आपली झाली. तिच्या आत डोकावण्याची खिडकीही आपली हवी

सेमीकंडक्टरच्या बातम्यांना आता देशात तोटा राहिलेला नाही. मार्च २०२५मध्ये विक्रम ३२०१ आणि कल्पना ३२०१ हे दोन ३२-बिट मायक्रोप्रोसेसर इस्रोकडे सुपूर्द करण्यात आले. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने चंडीगडच्या सेमीकंडक्टर प्रयोगशाळेच्या सहकार्याने ते विकसित केले होते. पुढे सप्टेंबरमध्ये नवी दिल्लीतील सेमीकॉन इंडिया परिषदेत विक्रम चिप पंतप्रधानांच्या हाती देण्यात आली आणि ते छायाचित्र घराघरांत पोहोचले. त्याआधीच, ३० डिसेंबर २०२४च्या पीएसएलव्ही-सी६० मोहिमेत या प्रोसेसरने अंतराळात आपले काम चोख बजावले होते. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे, आणि तो मलाही वाटला.

परंतु मार्चमधील त्या बातमीच्या तळाशी दोन वाक्ये होती, आणि ती बहुतेकांच्या नजरेतून निसटली. विक्रमची आज्ञावली इस्रोची स्वतःची असल्यामुळे तिच्यासाठी लागणारा एडा भाषेचा कंपायलर, असेंब्लर, लिंकर, सिम्युलेटर ही सगळी अवजारे इस्रोला स्वतःच घडवावी लागली. कल्पनाची गोष्ट निराळी. ती स्पार्क व्ही८ या प्रमाणित आज्ञावलीवर बेतलेली असून मुक्तस्रोत अवजारांशी तिचे जुळावे, अशीच तिची रचना केली आहे. एकाच दिवशी सुपूर्द झालेल्या या दोन चिपांनी एक मोठा धडा आपल्यासमोर ठेवला आहे. चिप घडवणे हे निम्मे काम. तिच्याशी बोलण्याची अवजारे मिळवणे हे उरलेले निम्मे. इस्रोपाशी ती अवजारे घडवण्याचे मनुष्यबळ आहे, कारण आहे आणि चिकाटीही आहे. मेरठच्या एखाद्या लघुउद्योगाने किंवा कोइमतूरच्या पंप बनवणाऱ्याने ती कोठून आणावीत?

या अवजारांपैकी ज्याची सर्वांत कमी चर्चा होते आणि ज्याच्यावाचून सर्वांत अधिक अडते, त्या हार्डवेअर डीबगरविषयी मला आज लिहायचे आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: मुक्तस्रोत डीबगर स्वतःच्या हाताने जोडून चालवता येणे, हे आपल्या अभियांत्रिकी शिक्षणात प्राथमिक कौशल्य मानले गेले पाहिजे, आणि सार्वजनिक पैशातून घडणाऱ्या प्रत्येक भारतीय चिपसोबत अशा डीबगरचा आधार पहिल्या दिवसापासून मिळाला पाहिजे.

आधी हे प्रकरण काय आहे ते पाहू. मायक्रोकंट्रोलर हा धुलाई यंत्रात, विजेच्या मीटरमध्ये, दुचाकीत, रक्तदाब मोजण्याच्या यंत्रात दडून बसलेला छोटा संगणक असतो. त्याला पडदा नसतो, कळफलक नसतो. संगणकावरचा प्रोग्रॅम फसला तर निदान पडद्यावर चुकीचा संदेश तरी उमटतो. मायक्रोकंट्रोलर फसला की तो नुसता गप्प होतो. मग आपण काय करतो? प्रोग्रॅममध्ये जागोजागी ‘येथवर पोहोचलो’ अशा अर्थाच्या छपाईच्या ओळी घालतो, किंवा एखादा एलईडी लुकलुकवतो. आपल्या बहुतांश विद्यार्थ्यांना दोष शोधण्याची एवढी एकच रीत ठाऊक असते. ती अगदी टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. मीही ती रोज वापरतो. पण रुग्णाला ‘कसे वाटते?’ एवढेच विचारून निदान करणारा वैद्य आणि नाडी पाहणारा, छातीला स्टेथोस्कोप लावणारा वैद्य यांच्यात जे अंतर आहे, तेच अंतर छपाईच्या ओळी आणि डीबगर यांच्यात आहे.

एक अनुभव सांगतो. एका कार्यशाळेत तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने मातीतील ओलावा नोंदवणारे उपकरण केले होते. दर मिनिटाला एक नोंद आणि अशा सोळा नोंदींची यादी, असा साधा हिशेब. पण काही वेळाने बोर्ड मूक होई. तिने छपाईच्या ओळी घातल्या, तर दोषच नाहीसा झाला. ओळी काढल्या की तो पुन्हा हजर. “सर, मी बघत असले की तो नीट चालतो,” ती वैतागून म्हणाली. दोन संध्याकाळी अशाच गेल्या. तिसऱ्या दिवशी आम्ही डीबगर जोडला आणि दोन नोंदींमधील अंतर ज्या चलात साठवले होते, त्यावर पहारा बसवला. या पहाऱ्याला वॉचपॉइंट म्हणतात: त्या जागी कोणीही काही लिहिले की प्रोसेसरने तत्क्षणी थांबावे, अशी ती आज्ञा असते. काही मिनिटांतच प्रोसेसर थांबला, आणि चोर आमच्या डोळ्यांसमोर होता. यादी सोळा घरांची, पण तिच्यावरील फेरा सतरा वेळा फिरत होता. सतरावी नोंद शेजारच्या घरात, म्हणजे नेमकी त्या अंतराच्या चलात, जाऊन पडत होती. साठ सेकंदांच्या जागी ओलाव्याचे माप बसले, २७०० वगैरे. म्हणजे पुढची नोंद एका मिनिटाऐवजी पाऊण तासाने. बोर्ड मेला नव्हता, तो आज्ञाधारकपणे वाट पाहत होता! छपाईच्या ओळींनी स्मृतीतील मांडणी किंचित सरकत होती आणि सतरावी नोंद दुसऱ्याच एका निरुपद्रवी जागी पडत होती. म्हणून दोष दडून बसत होता.

ही चूक क्षुल्लक आहे, प्रत्येक प्रोग्रॅमरने कधी ना कधी केलेली. पण उपकरण हातपंपावर, रुग्णालयात किंवा रेल्वेच्या सिग्नलपाशी बसले असेल, तर ‘बघत असले की नीट चालते’ हे उत्तर आपल्याला परवडणारे नाही.

प्रोसेसरला असे मध्येच थांबवता कसे येते? याचे मूळ विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात आहे. बोर्डांवरील सांधे इतके बारीक झाले की तपासणीची सुई तेथे पोहोचेना. तेव्हा १९८५च्या सुमारास काही उत्पादकांनी जॉइंट टेस्ट अ‍ॅक्शन ग्रुप स्थापन केला. त्याच्या कामातून १९९०मध्ये आयट्रिपलई ११४९.१ हे प्रमाणक निघाले. गटाच्या आद्याक्षरांवरून जग त्याला जेटॅग म्हणते. हेतू होता बोर्डावरील जोडण्या तपासण्याचा. पण चार-पाच तारांची ही वाट चिपच्या अंतरंगात नेते हे ध्यानी येताच तिचा उपयोग प्रोसेसर थांबवण्यासाठी, त्याची रजिस्टरे वाचण्यासाठी आणि स्मृती पाहण्यासाठीही होऊ लागला. पुढे आर्म कंपनीने हेच काम दोन तारांवर आणले; त्या पद्धतीचे नाव सिरियल वायर डीबग, म्हणजे एसडब्ल्यूडी.

मुक्तस्रोत जगाने या वाटेवर दोन मोठी साधने उभी केली. पहिले जीडीबी: १९८६मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी लिहिलेला डीबगर. दुसरे ओपनओसीडी: जर्मनीतील आउग्सबुर्ग येथील उपयोजित विज्ञान विद्यापीठात डोमिनिक राथ या विद्यार्थ्याच्या पदविका प्रबंधातून २००५मध्ये जन्मलेला प्रकल्प. जीडीबीला सी भाषेतील ओळी आणि चलांची नावे कळतात. ओपनओसीडीला तारांवरील संकेत कळतात. दोघे मिळून दुभाष्याचे काम करतात. एका विद्यार्थ्याच्या प्रबंधातून निघालेले साधन आज जगभरच्या प्रयोगशाळांत चालते, ही गोष्ट आपल्या प्रत्येक विभागप्रमुखाने फळ्यावर लिहून ठेवावी अशी आहे. आपल्याकडेही दरवर्षी प्रबंध लिहिले जातात. ते बांधून कपाटात जातात.

आता खर्चाची गोष्ट. ‘हे सारे महागडे असते’ हा समज अजून पुष्कळ प्राध्यापकांच्या मनात आहे, आणि एके काळी तो खराही होता. व्यावसायिक प्रोबसाठी आजही हजारो रुपये मोजावे लागतात. परंतु जानेवारी २०२१मध्ये रास्पबेरी पाय पिको हा चार डॉलर किमतीचा बोर्ड आला आणि हिशेब पालटला. याचे कारण असे की, एक पिको दुसऱ्या पिकोचा डीबगर होऊ शकतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, बंगळुरूचा एसपी रोड, दिल्लीचे लजपतराय मार्केट, कोठेही जा. दोन पिको आणि मूठभर तारा काही शे रुपयांत मिळतात.

जोडणी अशी. एका पिकोवरील बूटसेल बटण दाबून धरून तो यूएसबीने संगणकाला जोडावा. तो पेनड्राइव्हसारखा दिसू लागतो. त्यावर डीबगप्रोब नावाच्या मुक्तस्रोत प्रोग्रॅमची फाइल टाकली की तो पिको प्रोब झाला. येथे पहिली ठेच लागते. या प्रोग्रॅमच्या वेगवेगळ्या फायली मिळतात: एक रास्पबेरी पायच्या तयार प्रोबसाठी, एक साध्या पिकोसाठी. दोन्हींत पिनांची मांडणी वेगळी आहे. आपल्याला नावात ‘ऑन पिको’ असलेली फाइल हवी. चुकीची टाकली तर सारे काही ठीक दिसते आणि काहीच चालत नाही.

मग तीन तारा. प्रोबच्या जीपी२ पिनेपासून लक्ष्य पिकोच्या डीबग टोकांपैकी घड्याळाच्या टोकाला, जीपी३पासून विदेच्या टोकाला, आणि ग्राउंडपासून ग्राउंडला. दुसरी ठेच येथे: उत्साहाच्या भरात ग्राउंडची तार राहून जाते. दोन्ही बोर्डांना ‘शून्य’ म्हणजे काय यावर एकमत नसेल, तर संवाद होणार कसा? शिवाय साध्या पिकोवर डीबगची ही तीन टोके झाळून घ्यावी लागतात. नुसत्या छिद्रात तार खोचून काम होत नाही. तारा वीतभराहून लांब नसाव्यात, आणि जोडणी अधूनमधून तुटत असेल तर संकेतांचा वेग कमी करून पाहावा.

संगणकावर ओपनओसीडीची ०.१२ किंवा त्यानंतरची आवृत्ती लागते. तिला दोन गोष्टी सांगायच्या: प्रोब कोणता (येथे सीएमएसआयएस-डॅप पद्धतीचा) आणि लक्ष्य चिप कोणती (येथे आरपी२०४०). लिनक्सवर यूएसबी उपकरणाला हात लावण्याची परवानगी सामान्य वापरकर्त्याला नसते. ती नियमाची एक फाइल टाकून द्यावी लागते, आणि ही तिसरी ठेच. सारे जुळले की ओपनओसीडी ३३३३ क्रमांकाच्या पोर्टवर वाट पाहत बसतो; जीडीबीने तेथे जोडून घ्यायचे, प्रोग्रॅम चढवायचा, आणि हव्या त्या ओळीवर थांबायचे. चौथी ठेच सर्वांत फसवी: कंपायलरने प्रोग्रॅम वेगवान करण्यासाठी काटछाट केलेली असेल, तर चलाची किंमत विचारल्यावर डीबगर ‘ते काढून टाकले आहे’ असे उत्तर देतो. म्हणून शोध घेताना प्रोग्रॅमची डीबग आवृत्ती तयार करावी.

पहिल्यांदा हे करायला एक दुपार जाते, दुसऱ्यांदा दहा मिनिटे. त्या दुपारीत विद्यार्थी जे शिकतो ते एका सत्राच्या टिपणांत मावत नाही. आरपी२०४०च्या प्रत्येक गाभ्यात चार ब्रेकपॉइंट आणि दोन वॉचपॉइंट हार्डवेअरमध्येच कोरलेले आहेत, हे वाचून समजते. पण पाचवा ब्रेकपॉइंट लावताना नकार मिळाला की ते कायमचे उमगते. स्टॅक म्हणजे काय, व्यत्यय आला की प्रोसेसर कोठे उडी मारतो, पॉइंटर भरकटला म्हणजे नेमके काय झाले, हे सारे फळ्यावरून उतरून डोळ्यांसमोर येते.

पण मग हा प्रश्न राष्ट्रीय का म्हणायचा? त्याचे उत्तर चेन्नईत आहे. आयआयटी मद्रासमध्ये प्रा. व्ही. कामकोटी यांच्या नेतृत्वाखाली शक्ती हा प्रोसेसर घडला. त्याची आज्ञावली आरआयएससी-व्ही, म्हणजे बर्कली विद्यापीठात २०१०मध्ये सुरू झालेली आणि सर्वांना खुली असलेली. या आज्ञावलीसोबत डीबगची पद्धतही खुल्या प्रमाणकात नोंदलेली आहे. म्हणून शक्तीच्या विकसकांना डीबगर नव्याने लिहावा लागला नाही. त्यांच्या संचात ओपनओसीडी आणि जीडीबी हेच जोडीदार आहेत. आउग्सबुर्गच्या एका प्रबंधाचे फळ चेन्नईच्या चिपला असे आयते मिळाले. सी-डॅकचा वेगा हाही याच आज्ञावलीचा प्रोसेसर. ऑगस्ट २०२०मध्ये शक्ती आणि वेगा यांच्यावर उपकरणे घडवण्यासाठी सरकारने स्वदेशी मायक्रोप्रोसेसर स्पर्धा जाहीर केली, ४.३० कोटी रुपयांची तरतूद केली. २०२२मध्ये डीआयआर-व्ही हा कार्यक्रम आला. दिशा योग्य आहे, यात शंका नाही.

परंतु बक्षिसाने चिप एकदा वापरली जाते. ती दुसऱ्यांदा वापरावीशी वाटायची तर दोष शोधणे सुखाचे असावे लागते. लघुउद्योजक परदेशी चिप निवडतो तेव्हा तो देशद्रोह करत नसतो. रात्री अकरा वाजता बोर्ड अडला तर आत पाहता येईल का, एवढाच त्याचा सवाल असतो. ज्या चिपपाशी या सवालाचे उत्तर नसते, ती कितीही स्वदेशी असली तरी प्रदर्शनाच्या काचपेटीत राहते.

याला दोन आक्षेप घेतले जातात, आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला: व्यावसायिक डीबगर अधिक वेगवान असतात, प्रोसेसरचा सारा माग नोंदवतात आणि अडचण आली तर फोनवर माणूस भेटतो. खरे आहे. वाहनाचे ब्रेक किंवा वैद्यकीय उपकरण घडवणाऱ्या कंपनीने ते जरूर घ्यावेत. पण शिक्षणाची सुरुवात तेथून करणे म्हणजे पोहायला शिकण्यासाठी जहाज विकत घेणे होय. शिवाय काही कंपन्यांच्या शैक्षणिक सवलतीच्या प्रोबवर व्यावसायिक वापर करू नये अशी अट असते. विद्यार्थ्याने उद्योग काढताच त्याच्या हातातले अवजार बेकायदा ठरते. मुक्तस्रोत अवजार त्याच्यासोबत महाविद्यालयातून कारखान्यापर्यंत जाते. त्यातच काही बिघडले तर ते उघडून पाहताही येते.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा: आत डोकावण्याची खिडकी उघडी ठेवली तर चोरही आत येईल. हाही खरा. मूळ आरपी२०४०मध्ये डीबगचे दार बंद करण्याची सोयच नाही, आणि विजेच्या मीटरमध्ये तो जसाच्या तसा बसवणे शहाणपणाचे नव्हे. मात्र येथे दोन गोष्टींची गल्लत होते. अवजार खुले असणे वेगळे आणि ग्राहकाच्या हाती गेलेल्या वस्तूचे दार खुले असणे वेगळे. कुलपाची रचना सर्वांना ठाऊक असली तरी किल्ली मालकाकडेच राहते. प्रयोगशाळेत दार उघडे, कारखान्यातून बाहेर पडताना कुलूपबंद, ही शिस्त सर्वत्र पाळली जाते. आणि ज्याने दार कधी उघडून पाहिलेले नाही, त्याला ते नीट बंद कसे करावे हेही कळत नाही.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. मायक्रोकंट्रोलरच्या प्रयोगशाळेत प्रत्येक टेबलावर एक मुक्तस्रोत प्रोब असावा, आणि प्रात्यक्षिक परीक्षेत ‘हा प्रोग्रॅम लिहा’ यासोबत ‘या प्रोग्रॅममधील दोष शोधा’ असाही एक प्रश्न असावा. सार्वजनिक निधीतून घडणाऱ्या प्रत्येक प्रोसेसरची डीबगविषयक कागदपत्रे चिपसोबतच प्रसिद्ध व्हावीत आणि तिच्यासाठीचे बदल ओपनओसीडीच्या मूळ प्रकल्पात जावेत. कोठल्या तरी संकेतस्थळावर पडलेली जुनी प्रत पुरेशी मानू नये. विद्यार्थ्यांसाठीच्या भारतीय बोर्डांवर प्रोब बोर्डातच बसवलेला असावा, म्हणजे यूएसबीची एक तार लावली की आत पाहता येईल. यांपैकी कशालाही कारखाना उभारावा लागत नाही. लागतो तो निर्णय आणि शिक्षकाची एक दुपार.

कार्यशाळेतील त्या विद्यार्थिनीने दोष सापडल्यावर दुरुस्ती केली, ती एका चिन्हाची होती. तिला त्याहून मोठी गोष्ट मिळाली होती. पुढच्या वेळी बोर्ड मूक झाला तेव्हा तिने मला हाक मारली नाही. शांतपणे तीन तारा जोडल्या आणि तो कोठे थांबला आहे ते पाहिले.

आपल्यापैकी जे शिकवतात, त्यांनी या सत्रात एवढे एक प्रात्यक्षिक करून पाहावे. जे शिकत आहेत, त्यांनी मित्राकडून दुसरा पिको मागून घ्यावा. आणि कोणाच्या महाविद्यालयात हे आधीच होत असेल, तर त्यांनी खाली जरूर लिहावे. इतरांना त्याचा आधार होईल.